लेण्याला लेणे म्हणा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, अठराव्या लेण्यात उभा होतो. मुंबईनाक्याकडून आलेले एक कुटुंब पायऱ्या चढून वर पोहोचले. त्यातल्या आजीबाईंनी आतल्या स्तूपाकडे पाहून चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि नातीला सांगितले, ‘शंकराची पिंड आहे, नमस्कार कर.’ शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने जरा तोडूनच सुनावले, की ही पिंड नाही, हे बुद्धाचे स्थान आहे. आजी ओशाळल्या. नातीने मात्र सरळ विचारले, ‘मग हे काय आहे?’ त्यावर तो तरुण ‘स्तूप’ एवढा एक शब्द उच्चारून थांबला, कारण पुढचे त्यालाही सांगता येत नव्हते. जवळच्या फलकावर संरक्षित वास्तूचे नुकसान केल्यास किती दंड होईल हे नीट लिहिलेले होते. समोर काय आहे, हे लिहिलेले नव्हते.

त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते चार शब्दांत मावते. खालचा उंच वाटोळा भाग म्हणजे मेधी, त्याच्या वरच्या कडेला कठड्यासारखी कोरलेली पट्टी म्हणजे वेदिका, त्यावरचा घुमटासारखा भाग म्हणजे अंड आणि त्याच्याही वरची चौकोनी पेटी म्हणजे हर्मिका; हर्मिकेवर पूर्वी छत्र असे. पिंडीशी स्तूपाची गल्लत का होते तेही समजण्यासारखे आहे, कारण दोन्हींत वाटोळे, गुळगुळीत, गाभ्यात एकटे उभे असलेले दगडी रूप आहे. पण पिंडीला शाळुंका असते आणि शाळुंकेला अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. स्तूपाला पन्हळ नसते, कारण त्यावर पाणी घालायचे नसून त्याच्याभोवती फिरायचे असते. अठराव्या लेण्यात खांबांच्या रांगांमागून जी अरुंद वाट स्तूपाला वळसा घालून परत येते ती त्यासाठीच आहे. एवढे कोणी सांगितले असते तर आजींना ओशाळावे लागले नसते आणि त्या तरुणालाही चिडण्याची गरज पडली नसती. अर्थात आजींचा नमस्कार चुकीचा होता, असे मला म्हणायचे नाही. त्यांना शब्द मिळाला नव्हता, इतकेच.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात कामे सुरू आहेत. रस्ते, घाट आणि वाहनतळांबरोबर ठिकठिकाणी नवे माहितीफलक लागतील, मार्गदर्शक तयार केले जातील, पुस्तिका छापल्या जातील. गोदावरीत स्नान करून माणसे काळारामाला जातील, त्र्यंबकेश्वरला जातील आणि त्यांतली काही पांडवलेण्यांना आणि सिन्नरच्या गोंदेश्वरालाही जातील. या सगळ्यांना आपण कोणत्या शब्दांत आपली शिल्पे आणि वास्तू दाखवणार आहोत, हा प्रश्न मला घाटांच्या पायऱ्यांइतकाच सार्वजनिक वाटतो. आज या फलकांवरची मराठी बहुतेक वेळा इंग्रजीतून किंवा हिंदीतून उतरवलेली असते. माझे म्हणणे असे, की या वास्तूंसाठी लागणारे शब्द बाहेरून आणण्याची आपल्याला गरजच नाही. त्यांतले निम्मे त्या खडकावर कोरलेले आहेत, आणि उरलेले देवळाच्या आवारात रोज बोलले जातात.

सुरुवात ‘लेणे’ या शब्दापासूनच करू. त्रिरश्मीच्या चोवीस लेण्यांपैकी एकोणिसावे हे सर्वांत जुन्या लेण्यांपैकी एक. आकाराने लहान, साधे, आणि आत जाताना मान वाकवावी लागेल असे. त्याच्या कोरीव लेखात एवढेच म्हटले आहे, की सातवाहन कुळातील कन्ह राजाच्या काळात नाशिकच्या, श्रमणांचा म्हणजे भिक्खूंचा कारभार पाहणाऱ्या महामात्राने, म्हणजे बड्या अधिकाऱ्याने, ‘लेण कारित’, म्हणजे लेणे करविले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द आपण आजही तसाच बोलतो; शेवटी एक मात्रा तेवढी वाढली आहे. असे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येते. त्याच ओळीत ‘नासिक’ हे गावाचे नावही आहे. म्हणजे ज्या लेखाने आपल्याला गावाचे नाव दिले, त्यानेच आपल्याला वास्तूचेही नाव दिले. गावाचे नाव आपण अभिमानाने सांगतो आणि वास्तूला मात्र ‘गुंफा’ म्हणतो.

गुहा, कपार आणि लेणे हे तीन वेगळे शब्द मराठीत आहेत आणि त्यांच्यातला फरक अगदी व्यवहारातला आहे. गुहा निसर्गाने केलेली असते, कपारीत माणूस पावसापुरता आडोसा घेतो आणि लेणे छिन्नी-हातोड्याने खोदून काढलेले असते. इंग्रजीतल्या एकाच शब्दाने हे सगळे झाकले जाते, म्हणून त्या भाषेला ‘खडकात कोरलेली’ असे विशेषण पुढे जोडावे लागते. मराठीला ते जोडण्याचे कारण नाही; तरीही अनेक पुस्तिकांतून ‘खडकात कोरलेल्या गुंफा’ असा प्रयोग वाचायला मिळतो. तो विहिरीला ‘जमिनीत खोदलेले पाण्याचे छिद्र’ म्हणण्यासारखा आहे. शिवाय ‘लेणी’ हे अनेकवचन आहे, एकवचन ‘लेणे’. ‘ही लेणी फार सुंदर आहे’ अशी वाक्ये आता वर्तमानपत्रांतही दिसू लागली आहेत आणि त्यावरून पुढे ‘लेण्या’ असे दुहेरी अनेकवचन जन्माला आले आहे. याला शुद्धलेखनाची किरकीर म्हणून सोडून देता येत नाही, कारण ‘लेणे क्रमांक अठरा’ आणि ‘त्रिरश्मीची लेणी’ यांतला फरक कळला नाही, तर वाचणाऱ्याला डोंगरावर एक वास्तू आहे की चोवीस, हेच समजत नाही.

एक गोड गैरसमजही येथेच दूर करायला हवा. लेणे म्हणजे अलंकार, म्हणून डोंगराच्या अंगावरचा दागिना ते लेणे, असे निवेदक सांगतात आणि श्रोते माना डोलावतात. कल्पना सुंदर आहे, पण अंगावर लेण्याचे लेणे वेगळे आणि डोंगरातले लेणे वेगळे. डोंगरातले लेणे ‘लयन’ या शब्दावरून आले. लयन म्हणजे विसाव्याची, आसऱ्याची जागा. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे हा नियम होता आणि त्या राहण्यासाठी लेणी खोदली गेली. दागिन्याची उपमा दिली की आपण शोभेपाशी थांबतो. आसऱ्याची आठवण ठेवली तर कोण राहत होते, काय खात होते, पाणी कोठून आणत होते, हे प्रश्न आपोआप सुचतात.

त्यांची उत्तरेही भिंतींवर आहेत. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने या लेण्याला तीन हजार कार्षापणांचा (कार्षापण म्हणजे तेव्हाचे नाणे) कायमचा ठेवा दिला आणि तो गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, व्याजाने ठेवला. हे गोवर्धन आजही गंगापूर रस्त्याला आहे. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने गुंतवले होते. म्हणजे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. आणि लेख सांगतो, की या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब चोख जुळतो. हा मजकूर वाचल्यावर ‘विहार’ या शब्दाचा जुना अर्थ कोणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही: विहार म्हणजे राहण्याची जागा, तिला कपडालत्त्याचा खर्च लागतो. आज आपल्या वस्त्यांमधून ‘बुद्धविहार’ म्हणजे वंदनेची आणि एकत्र जमण्याची जागा; तेथे कोणी राहत असेलच असे नाही. याच डोंगराच्या पायथ्याशी, फाळके स्मारकाजवळ असलेला विहार त्याच अर्थाने विहार आहे. शब्दाचा अर्थ असा सरकला यात वावगे काही नाही, भाषा जिवंत असली की असेच होते. परंतु डोंगरावर फलक लावताना मात्र चैत्यगृह म्हणजे वंदनेचे आणि विहार म्हणजे निवासाचे, हा भेद स्पष्ट लिहिलाच पाहिजे. नाहीतर पायथ्याचा अर्थ वर नेणारा माणूस दहाव्या लेण्यात जाऊन ‘यात मूर्ती कुठे आहे?’ असे विचारतो आणि भिंतीतल्या खोल्या पाहून कोठारे असावीत असे समजतो.

त्या खोल्यांनाही नाव आहे. उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या दानाची नोंद त्याच लेण्यात आहे आणि तिने काय दिले तर ‘ओवरको’, म्हणजे एक खोली. हा शब्द वाचल्यावर मी बराच वेळ तेथेच थांबलो होतो, कारण तो मी आदल्याच दिवशी पंचवटीत ऐकला होता. काळारामाच्या आवाराभोवती ज्या कमानदार पडव्या आहेत त्यांना आपण ओवऱ्या म्हणतो. संस्कृत अपवरक, प्राकृत ओवरक, मराठी ओवरी. बौद्ध विहारातल्या भिक्खूची खोली आणि अठराव्या शतकातल्या राममंदिराच्या आवारात वाटसरूने पथारी टाकायची जागा यांना मराठीने एकच शब्द दिला, आणि तो देताना कोणत्याही समितीला विचारले नाही. फलकावर मात्र त्या खोल्यांना ‘कक्ष’ म्हणण्याची पद्धत आहे. कक्ष हा शब्द मला नेहमी सरकारी कचेरीतला वाटतो. त्याच्या बाहेर बाक असतो आणि बाकावर माणसे ताटकळत असतात.

तसेच पोढीचे. लेण्यांच्या बाहेर जमिनीत खोदलेली पाण्याची टाकी आपण पाहतो. उषवदात म्हणतो, ‘इदं लेणं कारितं इमा च पोढियो’: हे लेणे करविले आणि या पोढ्याही. कान्हेरीच्या लेखांत ‘पानियपोढी’ असा शब्द येतो. गडकिल्ल्यांवर फिरणारी मंडळी टाके म्हणतात आणि तेही अस्सल मराठीच आहे, म्हणून फलकावर ‘पोढी (पाण्याचे टाके)’ असे लिहिले तर दोन्ही शब्द जगतील. आज काही ठिकाणी तेथे फक्त ‘वॉटर टँक’ असे देवनागरीत लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, पाणीपुरवठा विभागाची मालमत्ता असावी.

आता नावाच्या वादाकडे येतो, कारण तो टाळून या विषयावर नाशिकमध्ये लिहिता येत नाही. या डोंगराला पांडवलेणी म्हणावे की त्रिरश्मी बुद्ध लेणी, यावरून मने दुखावतात. लेखांचा पुरावा नि:संदिग्ध आहे: डोंगराचे नाव तिरण्हु, संस्कृत वळणाच्या लेखात त्रिरश्मी, दान भिक्खुसंघाला, वास्तू बौद्ध. पुढे काही लेण्यांत इतर भर पडली आणि अकराव्या लेण्यात जैन मूर्ती आल्या, तरी मूळ खोदकाम बौद्धच राहते. तेव्हा फलकाच्या पहिल्या ओळीत त्रिरश्मी हेच नाव असावे असे माझे स्पष्ट मत आहे. या मागणीला केवळ पुरातत्त्वाचे नव्हे, तर या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासाचेही वजन आहे. २ मार्च १९३० रोजी काळारामाच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो पाच वर्षे चालला, दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पायरी, सभामंडप, गाभारा हे शब्द वास्तुशास्त्रात निव्वळ जागांची नावे असतात. माणसांच्या बाबतीत ते कोणी कोठपर्यंत यावे याची मोजपट्टी होते. ज्यांना त्या मोजपट्टीने बाहेर ठेवले, त्यांना गावाजवळच्या डोंगरावर आपला वारसा आपल्या नावाने लिहिलेला पाहावासा वाटला, तर त्यात अट्टहास कोणता?

पण पांडवलेणी हे नाव खोडून टाकावे या मताचा मी नाही. लोकांनी ज्या नावाने एखादी जागा शतकानुशतके सांभाळली, ते नावही त्या जागेच्या इतिहासाचा भाग असते. ‘लोकप्रचारातले नाव’ म्हणून ते दुसऱ्या ओळीत असावे. महाराष्ट्रात जे जे भव्य आणि जुने, ते पांडवांनी एका रात्रीत केले, ही आपली जुनीच सवय आहे. आणि तिसऱ्या लेण्यात एक मजेदार योगायोगही आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा तो सुप्रसिद्ध लेख. त्यात ती आपल्या मुलाचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा होता असे सांगते. म्हणजे दोन पांडव या डोंगरावर खरोखरच आहेत, मात्र उपमेत. तीच राणी तिरण्हु पर्वताच्या शिखराला कैलासाच्या शिखराची उपमा देते आणि लेण्याला श्रेष्ठ विमानासारखे म्हणते. विमान म्हणजे देवांचा प्रासाद, आणि पुढे दक्षिणेत हाच शब्द देवळाच्या गर्भगृहावरील बांधणीसाठी रूढ झाला. बौद्ध संघाला लेणे देणारी राणी कैलास आणि विमान हे शब्द सहज वापरते. हे उदाहरण घेऊन ‘सगळे एकच होते’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. त्यांच्याशीही माझे जमत नाही. शब्दांचे भांडार सामाईक होते. त्या शब्दांनी जे उभारले ते सामाईक नव्हते. तोरण सांचीच्या स्तूपाला आहे आणि आपल्या दारालाही आहे, म्हणून स्तूप हे घर होत नाही.

सामाईक शब्दाचे सर्वांत सुंदर उदाहरण मला दहाव्या लेण्याच्या ओसरीत दिसते. तेथील खांब खालून वर पाहत जावे. पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा, त्यावर घट, घटातून वर आलेला अष्टकोनी खांब, खांबावर उलटा ठेवल्यासारखा दुसरा घट, त्यावर एका चौकटीत बसवलेला आमलक, मग वर रुंदावत जाणाऱ्या सपाट पट्ट्या आणि सर्वांत वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. आमलक म्हणजे आवळा. उन्हाळ्याच्या सकाळी तिरपे ऊन आले, की त्या दगडी आवळ्याच्या फोडींमधल्या खाचा सावलीने भरतात आणि उपमा कोणाला सांगावी लागत नाही. आता येथून सिन्नरला जा, तीसेक किलोमीटर आहे. गोंदेश्वराच्या शिखराकडे मान वर करून पाहा: शिखर जेथे निमुळते होऊन संपते तेथे हाच फोडींचा आमलक, फक्त आता तो चौकटीतून सुटून मोकळ्या आभाळात बसला आहे आणि त्याच्यावर कळसाची जागा आहे. मधल्या हजार वर्षांत त्याची जागा बदलली, धर्म बदलला, मोजमाप बदलले. नाव आवळ्याचेच राहिले. नाशिकच्या शाळेतल्या मुलांची एक सहल या दोन आवळ्यांपुरती काढली, तरी पुस्तकातल्या चार धड्यांचे काम होईल.

आणि नेमक्या याच खांबाच्या वर्णनात आपण दुसऱ्याचे डोळे वापरतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभ्यासकांनी उलट्या घटाला घंटा म्हटले, म्हणून आपण ‘घंटाकृती स्तंभशीर्ष’ म्हणतो. त्यांनी चैत्याच्या दर्शनी कमानीला घोड्याच्या नालेची उपमा दिली, म्हणून आपल्या पुस्तकांत ‘नालाकृती कमान’ आली. त्यांना रोज घोडा दिसत होता, त्यांचा दोष नाही. मूळची ही कमान लाकडाच्या आणि बांबूच्या वाकवलेल्या छपराची दगडातली नक्कल आहे. आणि तिच्या माथ्यावरचे टोक पाहिले की मराठी माणसाला पिंपळाचे पान आठवते. ‘पिंपळपानाकृती’ हा शब्द मराठीत लिहिलाही जातो. गाभ्यात उजेड सोडणारी ती खिडकी म्हणून चैत्यगवाक्ष हे नाव आहेच. यापुढचा कळस म्हणजे पाय खाली सोडून आसनावर बसलेल्या बुद्धमूर्तीचे वर्णन. जुन्या इंग्रजी लिखाणात या बैठकीला युरोपीय पद्धतीची बैठक म्हटले आहे आणि काही मराठी लेखकांनी तेच भाषांतरित करून ठेवले. प्रलंबपादासन हा शब्द आपल्याकडे आहे; जड वाटला तर ‘पाय सोडून बसलेला बुद्ध’ म्हणा. पण पाय सोडून बसणे युरोपकडून शिकावे लागले, असे निदान पारावर बसणाऱ्यांच्या देशात तरी लिहू नये.

परकीय उसनवारीवर एवढे बोलल्यावर घरच्या आळसावरही बोलले पाहिजे. मराठीत एक शब्द असा आहे, की तो उच्चारला की पुढे पाहण्याची गरज उरत नाही: हेमाडपंती. काळ्या दगडाचे, जुने, चुना न वापरता रचलेले कोणतेही देऊळ दिसले की ते हेमाडपंती. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दरबारातला मोठा अधिकारी. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे, म्हणजे ते देऊळ हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे, तरीही कित्येक वर्षे ते हेमाडपंती म्हणून सांगितले गेले. आपण त्या माणसाच्या नावावर मोडी लिपी जमा केली, बाजरी जमा केली आणि देवळेही जमा केली. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणी या खऱ्या ग्रंथाचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

गोंदेश्वराला हेमाडपंती म्हणण्याने नुकसान काय होते, तर तेथे जे खरोखर दिसते ते पाहायचे राहून जाते. ते पंचायतन आहे: एका जगतीवर, म्हणजे उंच जोत्यावर, मध्यभागी शंकराचे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, गणपती आणि पार्वती यांची लहान देवळे. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. भूमिज शिखर ओळखणे अजिबात अवघड नाही. चारही बाजूंच्या मधोमध एक रुंद पट्टा तळापासून माथ्यापर्यंत चढत जातो, त्याला लता म्हणतात. आणि दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या रांगा, एकीवर एक, मजले चढवल्यासारख्या रचलेल्या असतात. मजल्याला भूमी म्हणतात. मालेगाव तालुक्यात झोडग्याला माणकेश्वराचे देऊळ आहे, तेही भूमिज, अंबरनाथही भूमिज. ही तीन देवळे एका कुळातली आहेत ही गोष्ट ‘भूमिज’ या शब्दाने कळते आणि ‘हेमाडपंती’ या शब्दाने लपते. हेमाडपंती हा शब्द रद्द करा असेही मी म्हणत नाही. बिनचुन्याच्या दगडी रचनेचे लोकांनी ठेवलेले नाव म्हणून तो चालेल. शैलीचे नाव म्हणून आणि काळाचे नाव म्हणून तो चालवू नये.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की अंतराळ, शुकनास, वरंडिका, ललाटबिंब असे शब्द फलकावर लिहिले तर कुंभमेळ्याला आलेला शेतकरी ते वाचणार नाही. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर संस्कृत शब्दांचा ढीग हे नक्कीच नाही. काही उत्साही मंडळी गर्भगृह म्हटल्याशिवाय राहत नाहीत, जणू गाभारा म्हणणे अडाणीपणाचे आहे. गाभारा हा त्याच कुळातला, मराठीने आपल्या तोंडात बसवून घेतलेला शब्द आहे आणि तो गावोगावच्या प्रत्येक आजीला येतो. तेव्हा जेथे मराठी शब्द आहे तेथे तोच: गाभारा, सभामंडप, उंबरा, ओवरी, देवळी, दीपमाळ, पन्हळ. जेथे नाही तेथे शास्त्रातला शब्द, पण एका ओळीच्या समजुतीसह. ललाटबिंब म्हणजे दाराच्या वरच्या पट्टीवर मधोमध कोरलेली आकृती, जी बहुधा देवळाच्या दैवताचा किंवा पंथाचा सुगावा देते. अंतराळ म्हणजे गाभारा आणि मंडप यांच्यामधली जागा; शुकनास म्हणजे शिखराच्या पुढच्या अंगाला, या अंतराळावर नाकासारखा पुढे आलेला भाग. पोपटाचे नाक हे नाव ज्याने दिले त्याला शेतकऱ्याची भाषा येत होती. ही शास्त्रे मुळात पाथरवटांच्या कामासाठी लिहिली गेली होती आणि पाथरवटाला आवळा, पोपट, घडा, वेल या शब्दांनीच काम समजत असे. अवघडपणा आपण मागाहून आणला.

काही शब्दांची ढिलाई मात्र मी चालवून घेईन. सगळ्या शिखराला कळस म्हणण्याची मराठी रीत आहे. ‘लांबून कळसाला हात जोडले’ असे म्हणणाऱ्याला शिखर म्हणजे काय हे समजावत बसण्यात अर्थ नाही. भक्ताने कसे बोलावे हे फलकाने सांगू नये. फलक लिहिणाऱ्याने आणि पैसे घेऊन माहिती सांगणाऱ्याने मात्र तसे बोलू नये, कारण त्याने ‘आधी कळस, मग पाया’ केले तर पाहणाऱ्याला मधले काहीच दिसत नाही.

प्रत्यक्षात करायचे ते फार खर्चाचे नाही. प्रत्येक लेण्याचा आणि देवळाचा मराठी मजकूर आधी मराठीत लिहिला जावा आणि इंग्रजी व हिंदी मजकूर त्यावरून व्हावा. आज क्रम उलटा आहे. लेख असेल तेथे मूळ ओळीतले दोन-चार शब्द देवनागरीत द्यावेत. मजकूर लावण्यापूर्वी तो प्राकृत जाणणाऱ्या एका आणि देवळाच्या आवारात वाढलेल्या एका माणसाला वाचून दाखवावा. मार्गदर्शकांच्या परीक्षेत सनावळीच्या प्रश्नांऐवजी एकदा उमेदवाराला खांबासमोर उभे करून खालून वर नावे विचारावीत.

सतराव्या लेण्याच्या फलकापासून सुरुवात करता येईल. ते लेणे उत्तरेकडून आलेल्या एका यवनाने (यवन म्हणजे तेव्हा ग्रीक), दत्तामित्री नगरातल्या धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने, आईवडिलांना उद्देशून खोदविले. त्या परमुलखातल्या माणसाने आपल्या दानाची नोंद करताना जे शब्द वापरले ते तेथे आजही वाचता येतात आणि फलकाचा मजकूर त्यांवरूनच तयार होतो: ‘लेणे क्रमांक सतरा. डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, लोकप्रचारात पांडवलेणी. खोदविणारा इंद्राग्निदत्त, यवन. त्याच्या शब्दांत: पवते तिरण्हुम्हि लेणं, लेण्याच्या आत चेतियघरो, आणि पोढियो. लेणे म्हणजे खोदलेले निवासस्थान, चेतियघर म्हणजे चैत्यगृह, पोढी म्हणजे पाण्याचे टाके.’